हे पान कोनाचं होय?

५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान वाशिम जिल्ह्यात आले होते. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला त्यांनी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन केलं आणि पीएम किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता याच जिल्ह्यातून सोडला. देशभरातले सुमारे ९.४ कोटी शेतकरी, आणि रक्कम वीस हजार कोटींच्या घरातली. इंझोरी हे याच मानोरा तालुक्यातलं गाव. पण ज्या हप्त्याचं बटण इतक्या जवळ दाबलं गेलं तो आपल्या खात्यात पडला की नाही, हे बघायला इंझोरीच्या शेतकऱ्याला पोहरादेवीला जाऊन भागत नाही. त्याला पीएम किसानच्या संकेतस्थळावर जावं लागतं, नोंदणी क्रमांक टाकावा लागतो, वाकड्यातिकड्या अक्षरांचं कोडं सोडवावं लागतं आणि मग मोबाईलवर ओटीपी यायची वाट बघावी लागते. तो मोबाईल बहुतेक वेळा मुलाकडे असतो आणि मुलगा पुण्याला असतो.

हप्ता हे झालं एक पान. सातबारा हवा असेल तर महाभूमीचं पान. तिथे बरीच वर्षं आधी विभाग निवडावा लागे, आणि वाशिम जिल्हा अमरावती विभागात येतो हे शाळेत पाठ केलेलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा कामी येई. डिजिटल सहीचा सातबारा हवा असेल तर पान वेगळं आणि वर पंधरा रुपये. उत्पन्नाचा दाखला पाहिजे तर ‘आपले सरकार’. ठिबकचं किंवा रोटाव्हेटरचं अनुदान पाहिजे तर महाडीबीटी. सोयाबीनचा विमा काढायचा तर पीएमएफबीवाय. पेरा नोंदवायचा तर ई-पीक पाहणीचं ॲप, जे १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालं. या सगळ्या भानगडी एका माळेत ओवायच्या म्हणून ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला. तो काढायचं पान अर्थातच निराळं. घरात लाडकी बहीण असेल तर २०२४ च्या जुलैत आधी ‘नारीशक्ती दूत’ नावाचं ॲप, मग पोर्टल, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या ई-केवायसीत बहिणीच्या ओटीपीला नवऱ्याच्या नाही तर वडिलांच्या ओटीपीची जोड. पोरगा शिकत असेल तर शिष्यवृत्ती पुन्हा महाडीबीटीवरच, पण बापाचा शेतकरी लॉगिन तिथे पोराच्या कामाचा नाही. बाप-लेक एका ताटात जेवतात, पोर्टलचं नावही एक. लॉगिन मात्र दोन.

बरं, सगळी पानं दिसायला तरी सारखी असावीत? एक भगवं, एक हिरवं, एक निळं. एकावर ‘प्रवेश करा’, दुसऱ्यावर ‘लॉगिन’, तिसऱ्यावर ‘साइन इन’, आणि चौथ्यावर तिन्ही, तीन कोपऱ्यांत. कुठे लाल अक्षरात ‘नवीन’ असं उघडझाप करतंय आणि त्याच्यासमोरची सूचना तीन वर्षांपूर्वीची. अशा पानासमोर बसलेला इंझोरीचा काकाजी जे विचारतो तोच खरा तांत्रिक प्रश्न आहे: “एकदा सांगतलं ना बावा मी कोन होय ते. आता पुन्हा कायले इचारून रायला?”

संगणकाच्या दुनियेत या प्रश्नाच्या उत्तराला ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात. एकदा ओळख पटवा, मग सगळीकडे फिरा. राजस्थानात तर ‘एसएसओ आयडी’ हा शब्द भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या तोंडी रेशनकार्डाइतका रुळलाय. महाराष्ट्राच्या वाट्याला हा शब्द अजून तसा आलेला नाही. आपल्याकडे शब्द एकच रुळला, ‘सर्व्हर डाऊन’.

सरकार एक, मग एकदा दिलेली ओळख सगळीकडे का चालत नाही, याचं कारण गमतीचं आहे आणि ते मंत्रालयात नाही, ब्राउझरच्या पोटात आहे. तुम्ही लॉगिन केलंत की संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची एक छोटी नोंद ठेवतं. ती नोंद ज्या डोमेनने ठेवली त्यालाच परत दाखवायची, दुसऱ्याला नाही, असा ब्राउझरचा करडा नियम. आता पीएम किसानच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन, पीक विम्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन, महाभूमीच्या शेवटीही जीओव्ही डॉट इन. माणसाला वाटतं, एकाच घरचे. ब्राउझरला तसं वाटत नाही. ‘पब्लिक सफिक्स लिस्ट’ नावाची एक यादी आहे, मोझिलाच्या पुढाकाराने स्वयंसेवक ती सांभाळतात, आणि त्या यादीत जीओव्ही डॉट इन हे सामाईक शेपूट म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे ते घराचं नाव नव्हे, आडनाव. मानोरा तालुक्यात राठोड आडनावाची घरं मोजता मोजता दमायला होईल. म्हणून एका राठोडाने ओळखलं की दुसरा राठोड आपली तिजोरी उघडून देत नाही. तेही बरंच आहे. नाहीतर कुठल्याशा नगर परिषदेच्या ढिल्या संकेतस्थळाने ठेवलेली नोंद आयकर खात्यात चालली असती.

महाराष्ट्राचं स्वतःचं तरी एक आडनाव असावं? ‘आपले सरकार’च्या पत्त्यात बरीच वर्षं महाऑनलाईन, महाडीबीटीच्या पत्त्यात महाराष्ट्र, सातबाऱ्याच्या पत्त्यात महाभूमी. ‘महा’ तेवढा सगळ्यांत आहे, पण ब्राउझर मराठी अस्मितेला मोजत नाही.

हे पासवर्डाचं लचांड सुरू झालं ते अमेरिकेत, एमआयटीमध्ये. १९६१ च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली उभी केली. संगणक एक, वापरणारे अनेक. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात, तेव्हा त्याने पासवर्डांची अख्खी फाईल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने संगणक वापरू लागला. पासवर्ड जन्माला येऊन धड बाळसं धरायच्या आत त्याची चोरी झाली होती. पण खरी मौज १९६६ ची. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते, एक म्हणजे लॉगिन करताच दिसणारी त्या दिवसाची सूचना आणि दुसरी पासवर्डांची यादी. तात्पुरत्या फाईलचं नाव दोघांच्या कामात एकच पडलं, फायलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो कोणी लॉगिन करी त्याच्यासमोर स्वागताच्या मजकुराऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येत. लॉगिनच्या पानाची सजावट बदलण्याचा जगातला हा आद्य प्रयोग म्हणायला हरकत नाही. त्यानंतर साठ वर्षं झाली, पण त्या पानावर नको ते छापायची खोड काही गेली नाही.

पुढे विद्यापीठांत दुसरीच डोकेदुखी उभी राहिली. ग्रंथालयाचा लॉगिन वेगळा, मेलचा वेगळा, परीक्षेचा वेगळा. या शतकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात ‘कॅस’ नावाची व्यवस्था बांधली गेली आणि तिची युक्ती आजही बहुतेक ठिकाणी चालते. ग्रंथालय स्वतः पासवर्ड विचारत नाही. ते तुम्हाला ‘तिकडून ओळख पटवून या’ म्हणून मध्यवर्ती पानाकडे धाडतं. ते पान पासवर्ड बघतं, आपल्या नावाची कुकी तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवतं आणि हातात एकदाच चालणारं तिकीट देऊन परत पाठवतं. ग्रंथालय ते तिकीट पाठीमागून मध्यवर्ती व्यवस्थेला दाखवून खरं-खोटं करून घेतं. मग तुम्ही परीक्षा विभागात गेलात की तोही तुम्हाला तिकडेच धाडतो. या खेपेला मध्यवर्ती पानाला आपलीच कुकी सापडते, ते काही न विचारता दुसरं तिकीट फाडतं. डोळ्यासमोरून एक पान चमकून गेल्यासारखं वाटतं, बस. डोमेन शंभर असोत, कुकी एकाच डोमेनची, त्यामुळे ब्राउझरचा नियमही मोडत नाही.

आता इथे सजावटीचा प्रश्न येतो. मध्यवर्ती पान एक, पण त्याच्याकडे माणसं शंभर ठिकाणांहून येतात. ग्रंथालयातून आलेल्याला परीक्षा विभागाचं चिन्ह दिसलं तर तो घाबरून परत जातो. म्हणून येणारी प्रत्येक विनंती आपण कुठून आलो तो पत्ता सोबत आणते. मध्यवर्ती व्यवस्थेकडे मान्य सेवांची नोंदवही असते, त्या नोंदीत ‘या सेवेसाठी हा पोशाख’ असं लिहिलेलं असतं, आणि पान त्या पाहुण्यापुरते कपडे बदलतं. कॅसमध्ये हे सेवागणिक करता येतं. रेड हॅटने २०१४ मध्ये बाहेर काढलेल्या कीक्लोकमध्येही प्रत्येक सेवेला स्वतःची लॉगिन थीम लावता येते. कोडच्या दृष्टीने काम चिल्लर आहे. एक चिन्ह, दोन रंग, मदतीचा फोन नंबर, भाषा. कसलेला प्रोग्रामर दुपारच्या चहाच्या आत उरकेल.

मग वर्ष का लागतं? बैठक असते म्हणून.

बैठकीत प्रथम चिन्हांचा विषय निघतो. भारत सरकारची राजमुद्रा पाहिजेच. महाराष्ट्र शासनाची समईवाली मुद्रा पाहिजेच. खात्याचं चिन्ह नसेल तर खातं आहे कशाला? डिजिटल इंडिया राहिलं. स्वच्छ भारतचा चष्मा काढायचं धाडस कोण करणार? परिषद २०२३ च्या सप्टेंबरात आटोपली तरी जी-२० चं कमळ कित्येक पानांवर पुढे रेंगाळत राहिलं, कारण ‘लावा’ असा आदेश निघतो, ‘काढा’ असा निघत नाही. चिन्हांनंतर छायाचित्रं. कोणाचं डावीकडे, कोणाचं उजवीकडे, ‘मा.’ कोणाच्या आधी. मंत्रिमंडळ बदललं की लॉगिनचं पान बदलतं, लॉगिन चालो न चालो. या सगळ्या गर्दीत वापरकर्त्याचं नाव लिहायचा चौकोन खाली सरकत सरकत मोबाईलच्या पडद्याबाहेर जातो, आणि काकाजी विचारतो, “टाकू कुठी?”

मायक्रोसॉफ्ट कंपन्यांना आपल्या लॉगिन पानावर पार्श्वभूमीचं चित्र लावू देते, पण वजनाचा धाक घालते: १९२० बाय १०८० चं चित्र, आणि ३०० केबीच्या आत. हा नियम आपल्याकडे लागू करायचा तर आधी सगळे सत्कार बंद करावे लागतील. मोबाईलला दोन कांड्या रेंज असलेल्या शिवारात जड चित्र वरून खाली उतरत येतं. आधी साहेबांचं कपाळ दिसतं, मग चष्मा. मिशीपर्यंत पोचायच्या आत ओटीपीची मुदत संपलेली असते.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे जिल्ह्यांची संकेतस्थळं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘एस-थ्री-वास’ नावाचा एकच सांगाडा केला आणि वाशिमपासून सिंधुदुर्गापर्यंतचे जिल्हे त्यावर चढवले. मांडणी तीच, पट्टा तोच, फक्त फोटो बदलतो. कुठे समुद्र, कुठे किल्ला, कुठे मंदिर. हे शहाणपणाचं आहे, उगीच नाकं मुरडू नयेत. एका जिल्ह्याचं पान वाचता आलं की सगळ्यांचं येतं. पण बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याने नव्या जिल्ह्याच्या पानावर जुन्याच जिल्ह्याची जाहिरात शोधत बसावं इतका हा सारखेपणा आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींची गोष्ट मात्र स्वतंत्र पुराणाची आहे. पगारासाठी शालार्थ, शाळेच्या माहितीसाठी यू-डायस प्लस, मुलांच्या नोंदीसाठी स्टुडंट पोर्टल, आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’. यातली दीक्षा ही आपल्या विषयाचं खरं देशी उदाहरण आहे. ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी, ती सुरू झाली. तिच्या खाली ‘सनबर्ड’ नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे आणि लॉगिनचं काम कीक्लोककडे. मंच एक, पण राज्यांना आपापलं पान, आपापलं चिन्ह आणि आपापला मजकूर. बालभारतीच्या पुस्तकावरून आलेल्या मुलाला त्याचं पुस्तक मिळावं, कर्नाटकातल्या मुलाला त्याचं. गुरुजींसाठी ‘राज्याच्या प्रणालीतून प्रवेश’ असाही एक पर्याय ठेवलेला. कल्पना उत्तम आहे. फक्त गुरुजींना आधीच इतके पासवर्ड आहेत की आणखी एक प्रवेश म्हटलं की त्यांचा हात आपोआप खिशातल्या डायरीकडे जातो.

आणि पासवर्ड तरी कसला? एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा, एक चिन्ह. हा नियम अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी स्वतःच सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, आणि त्याच वर्षी त्या संस्थेनेही हा आग्रह सोडला. बर यांचा पश्चात्ताप आपल्या पोर्टलांपर्यंत अजून पोचायचा आहे. नियमाचं फलित एकच झालं. गावाचं नाव, मग ॲट, मग १२३ असा पासवर्ड कुठेच नाही असा तालुका शोधून दाखवावा.

केंद्र सरकारने या गुंत्यावर ४ जुलै २०२२ ला गांधीनगरात ‘मेरी पहचान’ नावाचा उतारा जाहीर केला: राष्ट्रीय सिंगल साइन-ऑन. आता एकच ओळख, सगळीकडे चालणारी. मोठ्या आशेने ते पान उघडावं तर त्यावर तीन पर्याय: डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जनपरिचय. एकल प्रवेश तीन प्रकारचा. हसू येतं, पण कारण साधं आहे. तिन्ही आधीपासूनच होते, तिघांची घराणी वेगळी; ई-प्रमाण तर मुंबईच्या सी-डॅकचं अपत्य. एकाला ठेवून दोघांना घालवायचं म्हणजे दोन कार्यालयांची नाराजी. त्यापेक्षा तिघांना एका ओसरीवर बसवलं. ज्या आधारवर हे सगळं शेवटी येऊन टेकतं त्याचं पहिलं वाटप २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत झालं होतं. म्हणजे ओळखीच्या या धंद्यात महाराष्ट्राचा मान पहिला आहे, लॉगिनचे हालही मग आपल्याच वाट्याला यायचे.

विद्यापीठांच्या जगात दुसरी एक तऱ्हा आहे, आणि ती वऱ्हाडाला जास्त मानवेल. अमेरिकी विद्यापीठांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘शिबोलेथ’ या व्यवस्थेत लॉगिनच्या आधी एक पान यायचं आणि त्याचं अधिकृत नावच ‘तुम्ही कुठले?’ असं होतं. यादीतून आपली संस्था निवडायची, की त्या संस्थेचं ओळखीचं लॉगिन पान समोर. भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने याच पायावर ‘इनफेड’ हा संघ उभा केला. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या हद्दीतल्या पोराने आंतरराष्ट्रीय नियतकालिक उघडावं आणि त्याने त्याला आधी गाव विचारावं, यात परकं वाटण्यासारखं काय आहे? मायक्रोसॉफ्ट तेवढीही पृच्छा करत नाही. तुम्ही ईमेल लिहिलात की ‘ॲट’च्या पुढचं डोमेन बघते आणि पान तिथल्या तिथे कपडे बदलतं. तुमच्या कंपनीचं चिन्ह, तुमच्या कंपनीच्या इमारतीचा फोटो. नोकरी गेलेल्या माणसाला तो फोटो फार लागतो म्हणे.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. अडचण अशी की जे कपडे सरकार बदलतं ते भामट्यालाही बदलता येतात, आणि त्याला बैठक घ्यावी लागत नाही. राजमुद्रा उचलायला पाच सेकंद. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाईल येते, ती दाबली की फोनच परक्याच्या ताब्यात. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या दिवसांत तसलीच नकली पानं निघाली. पानावरच्या फोटोवरून खरं-खोटं ओळखायची सवय आपणच लावली, कारण खऱ्या पानावरही फोटोच मोठा असतो आणि पत्ता बारीक. त्यात मोबाईलवर बोट वर सरकवलं की पत्त्याची पट्टी अदृश्य. म्हणून पानाची सजावट करणाऱ्याने एवढं तरी पाळावं: मध्यवर्ती लॉगिनचा पत्ता कधीही बदलू नये, आणि ‘तुम्ही पीक विम्यासाठी आला आहात, तिकडे तुमचं नाव आणि मोबाईल नंबर जाईल’ हे वाक्य मुद्रेपेक्षा मोठ्या अक्षरात लिहावं. बाकी रंग कोणताही चालेल.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे धोरण धरलं. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाखाली यावं, असा आदेश निघाला, आणि हे शेपूट बँकांशिवाय दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. उद्देश चांगला. पण दहा वर्षं जुना पत्ता कागदावर लिहून देवघरात ठेवलेल्या माणसाला नवा पत्ता हाच संशयास्पद वाटतो. ‘पत्ता बदलला तर दाबू नका’ हे बँकेनेच त्याला शिकवलेलं.

पत्ता फोनवरून सांगण्याची कला तर अस्सल वऱ्हाडी आहे. पुण्याचा मुलगा इंझोरीच्या बापाला पीक विम्याचा पत्ता सांगतो तो असा: “पी पुसदचा, एम मानोऱ्याचा, एफ फवारणीचा, बी बाभुळगावचा, वाय यवतमाळचा, मंग टिंब.” बाप सगळं लिहून घेतो आणि विचारतो, “टिंब कोन्या गावचं?”

एवढं करूनही इंझोरीत खरं लॉगिन करतो तो सेतूवाला. तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात त्याचं दुकान ओळखू येतं: बाहेर ‘आधार, पॅन, सातबारा, झेरॉक्स’ अशी पाटी, आत एक संगणक, एक अंगठ्याचं यंत्र आणि एक लांबट रजिस्टर. त्या रजिस्टरात अर्ध्या गावाचे युजरनेम आणि पासवर्ड सुवाच्य अक्षरात लिहिलेले असतात. सुरक्षातज्ज्ञाने ते पाहिलं तर त्याला घेरी येईल. पण गावाला सगळी पोर्टलं एकच वाटतात, ती सेतूवाल्यामुळे. रंग कोणताही असो, चिन्ह कोणतंही असो, समोरचा चेहरा तोच.

आणि गंमत बघा, सिंगल साइन-ऑन त्याच्यासाठी खरंच आहे! सीएससी म्हणजे सामाईक सेवा केंद्र; त्याच्या चालकांना ‘डिजिटल सेवा कनेक्ट’ नावाची सोय आहे. पीक विम्याच्या संकेतस्थळावर तो ‘सीएससी लॉगिन’ दाबतो, पान क्षणभर डिजिटल सेवेच्या पत्त्यावर जातं, तिथे सीएससीच्या खात्याने ओळख पटते आणि तो विम्याच्या आत. येलमधल्या कॅसने जे विद्यार्थ्यांसाठी केलं तेच. ज्याच्या नावावर शेत, पीक आणि कर्ज आहे त्याला दर पानावर स्वतःची ओळख नव्याने पटवावी लागते. त्याच्या वतीने खुर्चीत बसलेल्याला एका आयडीत वाट मोकळी. यात सेतूवाल्याचा दोष नाही. उलट त्याने दुकान दोन दिवस बंद ठेवलं तर डिजिटल इंडिया इंझोरीपुरता सुट्टीवर जातो.

त्याच्या दुकानातला संवाद साधारण असा चालतो.

“काकाजी, ओटीपी आला असन, सांगा.”

“हा घे. सहा आकडे हाय.”

“हा बँकेचा होय, काकाजी. हा कोनाले सांगू नोका.”

“तुलेच सांगतला ना. तू काय कोनी होय?”

लॉगिनपेक्षा अवघड गोष्ट लॉगआऊट. एकाच प्रवेशाने दहा ठिकाणी आत गेलेला माणूस एका ठिकाणाहून बाहेर पडला तर बाकीच्या नऊ ठिकाणी काय व्हावं, यावर तज्ज्ञ वर्षानुवर्षं वाद घालताहेत. मध्यवर्ती व्यवस्था आपली कुकी पुसते, पण दहा सेवांनी आत घेताना आपापली वेगळी नोंद केलेली असते, आणि ती पुसायला प्रत्येकीला निरोप धाडावा लागतो. एखादीने निरोप ऐकला नाही तर तिथलं दार उघडंच. सेतूच्या दुकानात तर लॉगआऊटचं बटण कोणी दाबल्याचं ऐकिवात नाही. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबायची आणि ‘चला, पुढचे कोन?’

पुढचा काकाजी स्टुलावर बसतो. पान उघडतं, आणि विम्याच्या पोर्टलवर आधीच्याच शेतकऱ्याचं नाव, त्याच्या सोयाबीनची नोंद आणि मंजूर झालेली रक्कम झळकते. सेतूवाल्याचा हात माऊसकडे जातो.

“थांबा काकाजी, हे आधीच्याचं राहून गेलं. बंद करतो अन् तुमचं उघडतो.”

“थांब थांब. हे तं माह्या भावाचं नाव होय. धुऱ्यापल्याड वावर हाय त्याचं.” काकाजी चष्मा पुसून पुढे सरकतो. “त्याले इतके आले? बंद नोको करू बावा. याची आधी झेरॉक्स काढ.”